हार्मोनची गोळी आणि घरातले ताट

पाळी कायमची थांबणे हा आजार नव्हे. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. आपल्या देशात हे साधारणपणे ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास घडते. बऱ्याच भगिनींना या काळात फारसा त्रास होत नाही. काहींना मात्र अंगातून एकाएकी गरम वाफा निघाल्यासारखे होते, रात्री घामाने अंथरूण भिजते, झोप लागत नाही, चिडचिड होते, लघवीला जळजळ होते. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ तपासणी करून हार्मोन म्हणजे संप्रेरकाचे उपचार सुरू करतात. हे औषध गोळी, त्वचेवर लावायचे जेल किंवा चिकटवायची पट्टी अशा रूपांत मिळते.

गोळी सुरू झाली, वाफा थांबल्या, झोप लागू लागली, की आता सगळे ठीक झाले अशी समजूत होते. पण या उपचाराचा पूर्ण फायदा मिळायचा असेल, तर रोजचे जेवण, ऊन आणि चालणे यांचीही जोड लागते. ती कशी द्यायची ते या लेखात पाहू.

ही गोळी नेमके काय करते?

स्त्रीच्या बीजांडकोशातून इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन पाझरत असते. हाडे झिजू न देणे हे त्याचे एक मोठे काम. आपल्या हाडांत जुना भाग मोडणे आणि नवा भाग भरणे हे काम अखंड चालू असते. इस्ट्रोजेन कमी झाले की मोडण्याचा वेग वाढतो आणि भरण्याचे काम मागे पडते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही झीज सर्वांत जास्त होते. पुढे साध्या पडण्याने मनगट किंवा खुब्याचे हाड मोडते, पाठीचे मणके दबून बाक येतो.

बाहेरून दिलेले इस्ट्रोजेन ही मोडतोड रोखते. परंतु हाड भरायला लागणारे कॅल्शियम आणि प्रथिने गोळीत नसतात. ती ताटातूनच यावी लागतात. गवंडी कामावर हजर आहे, पण विटा आणि सिमेंट आलेच नाही, तर भिंत उभी राहणार कशी? उलट, फक्त दूध आणि नाचणी खाऊन इस्ट्रोजेनची उणीव भरून निघत नाही. दोन्ही गोष्टी हव्यात.

कमी वयात पिशवी काढली असेल तर

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याची गोष्ट राज्यभर गाजली. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत तिशी-चाळिशीतल्या कितीतरी होत्या. हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता नाही.

नुसती गर्भपिशवी काढली आणि बीजांडकोश ठेवले, तर हार्मोन बहुधा पाझरत राहते. मात्र अशा स्त्रीची रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. दोन्ही बीजांडकोशही काढले असतील, तर इस्ट्रोजेन एकाएकी बंद होते. पस्तिसाव्या वर्षी असे झाले, तर हाडांची झीज दहा-बारा वर्षे आधीच सुरू होते. अशा भगिनींना इतर काही अडचण नसेल, तर रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देणे हिताचे ठरते. शस्त्रक्रियेचा कागद घरात शोधून काढावा आणि 'बीजांडकोश ठेवले आहेत की काढले?' हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. टाके निघाले म्हणजे उपचार संपले, असे समजू नये.

कॅल्शियमचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज १००० मिलिग्रॅम, तर रजोनिवृत्तीनंतर १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आकडा मोठा वाटला, तरी आपल्याच स्वयंपाकघरात तो बराचसा जमतो.

एक कप म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. तेवढ्याच दुधाचे दही किंवा ताक केले तरी हिशेब तोच राहतो. नाचणीच्या एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरले, तर त्यातून पावणेदोनशे मिलिग्रॅम मिळते. ज्वारीच्या तेवढ्याच पिठात वीससुद्धा भरत नाही. दोन चमचे तिळाच्या चटणीतून शंभराच्या वर, आणि मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याच्या वाटीभर भाजीतून अडीचशेच्या आसपास मिळते. कपभर दूध, कपभर दुधाचे दही, एक नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि पालेभाजी एवढ्यावर हजाराच्या घरात पोहोचता येते. उरलेले डाळी-उसळींतून येते. नाचणी भिजवून, मोड आणून दळली तर अधिक चांगली. पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातील ऑक्झलेटमुळे ते अंगी फारसे लागत नाही. पालक खावा, हिशेबात धरू नये.

डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली असेल, तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणानंतर घ्यावी. लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल, तर तसे आधी सांगावे.

डाळ, अंडे आणि ऊन

हाडाचा सांगाडा आणि त्याला सांभाळणारे स्नायू प्रथिनांचे बनतात. ५० किलो वजनाच्या स्त्रीला रोज ४० ते ५० ग्रॅम प्रथिने हवीत. घट्ट वरणाच्या वाटीतून सहा-सात ग्रॅम, एका अंड्यातून सहा, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ, तर मोड आलेल्या मटकीच्या वाटीभर उसळीतून सात ग्रॅमच्या आसपास मिळतात. वरणाचे वरचे पाणी आणि दोन भाकऱ्या एवढ्यावर हा हिशेब भरत नाही.

कॅल्शियम शोषले जाण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हातून मिळते. शेतात राबणाऱ्या स्त्रीला ते भरपूर मिळत असेल असे वाटते. पण अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला फडके, मग ऊन त्वचेला लागणार कुठे? दुपारच्या सुमारास वीस-तीस मिनिटे हात आणि पाय उघडे ठेवून बसावे. कडक उन्हाळ्यात वेळ कमी करावा. 'ड' जीवनसत्त्वाची जास्त ताकदीची औषधे मनाने महिनोन् महिने घेऊ नयेत. त्याचाही अपाय होतो.

उपवासाच्या दिवशी

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे धरले, तर काही घरांत आठवड्यातून दोन-तीन उपवास होतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत आधार असतो तो शेंगदाण्याचा. उपवास करायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक यांवर भर द्यावा. हार्मोनची गोळी उपवासाला चालते. ती चुकवू नये.

घरकाम हा व्यायाम नाही का?

घरकामाने शरीर हलते हे खरे. पण त्यातले बरेच काम बसून किंवा वाकून होते. उभ्या शरीराचा भार पायांवर पडला की हाडे टणक राहतात. रोज अर्धा तास, आठवड्यातून किमान पाच दिवस भरभर चालावे. आठवड्यातून दोनदा, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा-पंधरा वेळा उठावे-बसावे. भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहण्याची सवय केल्यास तोल सुधारतो. न्हाणीघरातील ओली, गुळगुळीत फरशी हे घरात पडण्याचे एक मोठे कारण आहे. तिथे खरखरीत पायपुसणे टाकावे. हाडे आधीच ठिसूळ झालेल्यांनी एकदम खाली वाकून जड घागर उचलू नये.

मीठ, चहा आणि मिश्री

दिवसभरात सर्व मिळून मीठ ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा, याहून जास्त नसावे. लोणचे, पापड, खारी शेंगदाणे यांतले मीठही त्यात धरावे. वाफांचा त्रास असेल तर कडक चहा आणि झणझणीत तिखट काही दिवस कमी करून फरक पाहावा. मिश्री लावणे म्हणजे तंबाखूच. ती तोंडाला आणि हृदयाला घातक आहे. रक्तदाब, साखर आणि वजन आटोक्यात ठेवणे हा या उपचाराचाच भाग आहे. हार्मोनच्या गोळीने वजन वाढते असे म्हणतात, पण या वयात पोटावर चरबी येण्याचे कारण बहुधा वय, कमी हालचाल आणि रजोनिवृत्ती हेच असते.

हे नियम पाळावेत

शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. पाळी पुढे ढकलण्याची गोळी वेगळी आणि ही वेगळी. गर्भपिशवी असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही द्यावे लागते. नाहीतर पिशवीचे अस्तर वाढून कर्करोगाचा धोका संभवतो. तेव्हा दोनपैकी एक गोळी मनाने बंद करू नये. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. थायरॉईडची गोळी चालू असेल तर सांगावे. हार्मोनच्या गोळीमुळे तिचा डोस बदलावा लागू शकतो. तसेच थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवावे. शतावरी, सोया यांच्या गोळ्या किंवा चूर्णे घेत असाल तर तीही सांगावीत. जेवणातले सोयाबीन चालते.

स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, अर्धांगवायू, हृदयविकार किंवा यकृताचा गंभीर आजार झालेल्यांना हे उपचार सहसा देत नाहीत. २००२ साली अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आल्यावर या औषधाची फार भीती पसरली. त्या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत, योग्य तपासणी करून सुरू केल्यास बहुतेकींना फायदा जास्त होतो, असे आज मानले जाते. तरीही धोका शून्य नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत एकाएकी कळ, दम लागणे, बोलताना जीभ जड होणे, यांपैकी काही झाले तर तडक दवाखाना गाठावा. अंगावरून अवेळी रक्त गेल्यास किंवा स्तनात गाठ लागल्यास लवकर दाखवावे. एस.टी.च्या लांबच्या प्रवासात पाणी प्यावे, पाय हलवत राहावे.

शेवटी एक गोष्ट घरच्या मंडळींसाठी. आपल्याकडे घरची बाई सर्वांत शेवटी जेवते, तोवर दूध मुलांना, दही कर्त्या पुरुषाला गेलेले असते आणि पातेल्यात वरणाचे पाणी उरलेले असते. औषधाला महिन्याकाठी पैसे खर्च होतात, मग तिच्या वाट्याचे कपभर दूध आणि वाटीभर उसळ आधी बाजूला काढून ठेवायला काय हरकत आहे? आजपासून सर्वांनी एकत्र जेवायला बसावे, म्हणजे तिच्या ताटात काय पडते ते सर्वांना दिसेल.