किल्ली सुटली तरच दार उघडेल

एकेरी रेल्वेमार्गावरच्या लहान स्टेशनातून गाडी न थांबता जायची, तेव्हा स्टेशनमास्तर फलाटावर उभे राहून एक मोठी कडी इंजिनाकडे उंच धरायचे आणि इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ती दंडात झेलायचा. चाळिशी ओलांडलेल्या अनेकांनी हे पाहिलं असेल. त्या कडीच्या चामडी पिशवीत एक धातूचा गोळा असे. पुढच्या स्टेशनाने तारेवरून संमती दिल्याशिवाय तो गोळा यंत्रातून बाहेर पडत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही स्टेशनांच्या यंत्रांतून दुसरा निघत नसे. मास्तर घाईत असोत, पेंगुळलेले असोत की घरून भांडून आलेले असोत, एकाच पट्ट्यात समोरासमोर दोन गाड्या सोडायला यंत्रच नकार देई.

या नकाराला कारखान्यात ‘इंटरलॉक’ म्हणतात. रूळ आणि सिग्नल यांना एकमेकांत अडकवणाऱ्या रचनेचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबीने 1856 मध्ये घेतलं. पुढे हाच विचार विजेच्या स्विचगिअरमध्ये आला आणि तिथून व्हॉल्व्ह आणि दाबपात्रांपर्यंत पोचला.

आपल्या घरातही एक इंटरलॉक आहे. आतून झाकण बसणारा कुकर आठवा. लंबगोल झाकण तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून बसवायचं. वाफ धरली की आतला दाबच झाकणाला कडेवर दाबून धरतो. वाफ जाईपर्यंत कितीही ओढा, झाकण हलत नाही. वेगळं कुलूप नाही, वायर नाही. ज्याची भीती, त्यालाच राखणीला बसवलंय.

कारखान्यातलं झाकण मात्र मोठं असतं. एएसी ब्लॉक किंवा रबराचा माल वाफेत शिजवणाऱ्या ऑटोक्लेव्हचं दार दोन मीटर व्यासाचं असू शकतं. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 31,400 चौरस सेंटिमीटर. वाफ सोडून दिली, पण दर चौरस सेंटिमीटरला किलोचा फक्त दहावा भाग दाब आत उरला, तर त्या दारावर आतून तीन टनांहून जास्त रेटा असतो. सोळा किलोच्या गेजवर एवढ्या दाबाला काटा जेमतेम थरथरतो. ऑपरेटरला तो शून्यावरच दिसतो. म्हणून दाराची कडी फिरायच्या आधी एक छोटा व्हेंट उघडावाच लागेल, अशी रचना करतात. आत दाब उरला असेल, तर तिथून फुसकारा ऐकू येतो आणि माणूस हात मागे घेतो.

याचं सगळ्यात नेटकं रूप गॅसच्या पाइपलाइनवर दिसतं. लाइन आतून साफ करायला ‘पिग’ नावाचं उपकरण एका नळकांड्यातून आत सोडतात. त्या नळकांड्याला बाहेरच्या टोकाला दार असतं आणि आतल्या टोकाला उच्च दाबाची लाइन. इथे प्रत्येक व्हॉल्व्हवर किल्लीचं कुलूप असतं. लाइनकडचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद झाला तरच त्याची किल्ली सुटते. ती किल्ली व्हेंटच्या कुलपात घातली तरच व्हेंट उघडतो. व्हेंट उघडा राहिला तरच दुसरी किल्ली सुटते, आणि दार फक्त तिनेच उघडतं. काम झाल्यावर सगळं उलट्या क्रमाने. दार नीट बंद झाल्याशिवाय त्याची किल्ली निघत नाही, म्हणजे लाइन पुन्हा चालू करता येत नाही. क्रम पाठ असो वा नसो, हातातली किल्ली पुढच्या एकाच कुलपाला लागते.

मग अपघात का होतात? 23 एप्रिल 2004 च्या रात्री अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या इलिओपोलिस इथल्या फॉर्मोसा प्लास्टिक्सच्या कारखान्यात एक ऑपरेटर पीव्हीसीची रिअॅक्टर धुवत होता. धुतलेलं पाणी सोडायला तो खालच्या मजल्यावर उतरला आणि चुकीच्या बाजूला वळला. चार-चार रिअॅक्टरचे सारखे दिसणारे गट. तो ज्या रिअॅक्टरपाशी पोचला, ती चालू होती, आत दाबाखाली व्हायनिल क्लोराइड होतं. तळाचा व्हॉल्व्ह उघडेना, कारण इंटरलॉकने आपलं काम केलं होतं. पण व्हॉल्व्ह अडकला तर आणीबाणीत वापरायची हवेची नळी जवळच होती. ती जोडून इंटरलॉक डावलता येत असे. नळीला कुलूप नव्हतं आणि आत काय चाललंय हे सांगणारा दर्शकही खाली नव्हता. तपास करणाऱ्या अमेरिकी सरकारी मंडळाचा निष्कर्ष असा की ती नळी जोडली गेली आणि व्हॉल्व्ह उघडला. स्फोटात पाच कामगार गेले. यंत्र नाही म्हणत होतं; ऑपरेटरला बहुधा वाटलं, बिघडलंय.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. 29 ऑक्टोबर 2009, जयपूरजवळ सीतापुरा इथलं इंडियन ऑइलचं टर्मिनल. संध्याकाळी पेट्रोलच्या टाकीतून पाइपलाइनने माल पाठवायची तयारी चालू होती. लाइनवर ‘हॅमर ब्लाइंड’ होता: वाट अडवणारी लोखंडी चकती, जी काढून फिरवून बसवावी लागते. ती काढलेली असताना लाइन बाहेरच्या हवेला उघडी असते. त्याच वेळी टाकीचा व्हॉल्व्हही उघडा होता. पेट्रोलचं कारंजं उडालं, आणि वाफेने गुदमरलेल्या माणसांना व्हॉल्व्हपर्यंत पोचता येईना. कंट्रोल रूममधून तो बंद करायची सोय वापरात नव्हती. सुमारे सव्वा तास गळती चालू राहिली, मग स्फोट झाला. अकरा जण मेले आणि टाक्या कित्येक दिवस जळत राहिल्या.

चौकशीसाठी नेमलेल्या एम. बी. लाल समितीने उघडे हॅमर ब्लाइंड हटवायला सांगितलं. टाकीचा पहिला व्हॉल्व्ह दुरून बंद करता येणारा असावा, असंही सांगितलं. त्या शिफारशी देशभरच्या तेल टर्मिनलांसाठी होत्या. मनमाडजवळच्या पानेवाडीचं तेल टर्मिनलही त्यातच आलं.

दुरून चालवायच्या व्हॉल्व्हची खरी कसोटी वीज किंवा हवा गेल्यावर लागते. साधा विजेच्या मोटरचा व्हॉल्व्ह वीज गेली की आहे तिथेच थांबतो. म्हणून धोक्याच्या जागी स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवतात. दाबाखालची हवा स्प्रिंगला रेटून त्याला उघडा धरते. हवा गेली की स्प्रिंग त्याला मिटते. काही ठिकाणी हवेची नळी मुद्दाम प्लास्टिकची ठेवून व्हॉल्व्हभोवती फिरवतात. आग लागली की ती वितळते, हवा निघून जाते आणि कोणी बटण दाबायच्या आधीच व्हॉल्व्ह बंद झालेला असतो. थंड करणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हचं गणित उलटं: हवा गेली तर तो उघडला पाहिजे. कोणता व्हॉल्व्ह मिटावा आणि कोणता उघडावा, हे डिझाइनच्या टेबलावर शांत डोक्याने ठरवायचं असतं.

आपल्या एमआयडीसीत ‘बायपास मारून ठेवलाय’ हे वाक्य नवीन नाही. लिमिट स्विच खराब होतो, सुटा भाग यायला वेळ असतो, ऑर्डर अडलेली असते. कोणीतरी स्विचला डावलणारा तारेचा जंपर लावतो, रात्रपाळी निघते, आणि तात्पुरता जंपर वर्षभर राहतो. फॅक्टरीज अॅक्ट, 1948 च्या कलम 31 ने सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही यासाठी परिणामकारक उपाय करणं बंधनकारक केलं होतं. पण पॅनेलच्या दारामागचा जंपर निरीक्षकाला दिसेलच असं नाही. तो दिसतो प्लांटमधल्या माणसांनाच.

बायपास कधीच नको, असं कोणताही अनुभवी फोरमन म्हणणार नाही. प्लांट चालू करताना तो लागतो. पण तो वहीत लिहिलेला असावा, त्याखाली सही असावी, काढायची तारीख असावी आणि पाळी बदलताना तोंडी सांगितलेला असावा. बायपासची किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असावी, व्हॉल्व्हशेजारच्या खिळ्यावर नव्हे.

दिवाळीच्या सुट्टीत अनेक प्लांट बंद राहतात आणि भाऊबीजेनंतर पुन्हा सुरू होतात. हे वाचणाऱ्यांत कोणी सुपरवायझर असेल, तर एवढंच करावं: पहिल्या पाळीला वाफ चढवण्याआधी वही उघडून बायपास मोजावेत. वहीत नसतील, तर पॅनेल उघडून मोजावेत.