धुरापेक्षा घासणी बरी

पावसाळ्यात संध्याकाळी जिते स्टेशनवर गाडीची वाट पाहणारा माणूस एका जागी स्थिर उभा राहत नाही. एक पाय दुसऱ्या पायावर घासत, मधेच मानेवर चापट मारत तो शेजाऱ्याला म्हणतो, "यंदा मच्छर फार झालेत. धूरवाले कधी येणार?" पनवेल-रोहा मार्गावरच्या कुठल्याही गावात हा प्रश्न ऐकू येतो. पण धूरवाले येऊन गेले तरी आठवड्याभरात पुन्हा तीच चापट, तीच तक्रार. असं का होतं?

मुळात "मच्छर" हा एक प्राणी नाही. आपल्या रोजच्या जगण्यात त्याची तीन घराणी आहेत आणि प्रत्येकाचं पाणी वेगळं. हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलीस स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो. लावणीनंतरची भातखाचरं, विहिरी, बांधकामावरचे हौद या त्याच्या जागा, आणि चावण्याची वेळ रात्रीची. हत्तीपाय पसरवणाऱ्या क्युलेक्सला तुंबलेलं गटार आणि शौचखड्डा मानवतो. कानाशी गुणगुणून झोपमोड करणारा बहुधा हाच. तिसरा एडिस. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसाढवळ्या चावतो आणि डेंग्यू, चिकुनगुनिया देतो. तो राहतो आपल्याच घरात: दाराआड टांगलेल्या कपड्यांमागे, खाटेखाली. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं.

खाचर आणि गटार डोळ्यांना दिसतात, म्हणून आपण त्यांच्याकडे बोट दाखवतो. एडिसचं पाणी मात्र आपणच भरून ठेवलेलं असतं. मोरीतल्या पिंपाचं झाकण काढा आणि हालचाल न करता पाहा. पाण्याला टेकून, डोकं खाली करून बारीक केसासारख्या अळ्या लोंबकळत असतात. आपली सावली पडली की वळवळत तळाशी जातात आणि श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. पिंपाची खरी गोम मात्र पाण्यात नसून भिंतीवर असते. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर कडेला एकेक अंडं चिकटवते. पिंप रिकामं केलं, उन्हात वाळवलं तरी ही अंडी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देण्यानं काम होत नाही. कडा घासावी लागते.

या पट्ट्यात पिंपांना तोटा नाही. जिते, हमरापूर, जोहे ही गणपतीच्या कारखान्यांची गावं. प्लास्टर कालवायला, हात-साचे धुवायला पाणी भरून ठेवावंच लागतं. रोज उपसलं जाणारं पिंप सहसा त्रास देत नाही. कोपऱ्यात विसरलेलं पिंप, उघड्यावर पडलेला साचा, शेडवरच्या ताडपत्रीला पडलेला झोळ यांच्याकडे लक्ष हवं. पेणच्या खारेपाटात तर नळाच्या पाण्याची ओढ जुनीच. जिथे पाणी रोज येत नाही तिथे ते साठवणं हा काही बाईचा आळस नव्हे, गरज आहे. तिला "पाणी साठवू नका" असं सांगण्यात अर्थ नाही. सांगायचं ते एवढंच, की पिंपावर जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधा आणि आठवड्यातून एकदा ते पिंप घासा.

आठवड्यातूनच का? आपल्याकडच्या उष्म्यात अंड्यापासून उडता डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. त्याआधी एकदा भांडं घासून कोरडं केलं की साखळी तुटते. आरोग्य खात्याचा "कोरडा दिवस" या हिशेबावर उभा आहे. धुराला हा हिशेब जमत नाही. धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो, अळीला आणि अंड्याला त्याची झळही लागत नाही. शिवाय धुराची गाडी आली की आपण दारं-खिडक्या लावून घेतो, म्हणजे घरातला एडिस सुखरूप. साथ भडकली असेल तर धूर हवाच, पण एरवी त्यावर विसंबणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

जे पाणी ओतता येत नाही त्याला वेगळे उपाय आहेत. विहिरीत किंवा बंदिस्त हौदात गप्पी मासे, तुंबल्या गटारात जळकं तेल, संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी. झोपताना मच्छरदाणी, आणि दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही ती हवीच.

एडिस आयुष्यभरात फार तर काहीशे मीटर उडतो. डेंग्यू गावोगाव नेतो तो माणूस, मुंबई-पनवेलहून गाडीनं परतणारा. म्हणून ताप आला की अंगावर काढू नये, रक्त तपासून घ्यावं. डेंग्यूची शंका असेल तर ताप उतरवायला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावं, कारण त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरताना पोटात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर थेट दवाखाना गाठावा.

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले. म्हणून 20 ऑगस्ट हा जागतिक डास दिन. इथल्या कारखान्यांत तेव्हा गणपतींची धांदल असते, दिन पाळायला कुणाला सवड नसते. त्याची गरजही नाही. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी जो हात इतक्या निगुतीनं करतो, त्यानं आठवड्यातून एकदा मागच्या पिंपाच्या कडेवर दहा मिनिटं घासणी फिरवली, तरी स्टेशनवरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर घरातच मिळेल.