चिंतामणरावांनी मागितलेली चौकशी

चिंतामणराव देशमुख यांचे नाव निघाले की महाराष्ट्राला प्रथम आठवतो तो १९५६ च्या जुलैतील त्यांचा राजीनामा. मुंबईच्या प्रश्नावर केंद्राचे अर्थमंत्रिपद सोडून देणारा हा पुरुष मराठी मनाला कायमचा प्रिय झाला, आणि ते यथायोग्यच होय. परंतु त्या प्रेमाच्या भरात त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध वाचावयाचा आपण विसरलो, असे आम्हांस वाटते. राजीनाम्यानंतर तीन वर्षांनी त्यांनी देशापुढे एक मागणी ठेवली. ती ना कोणत्या प्रांतासाठी होती, ना कोणत्या भाषेसाठी. राज्यकर्त्यांवर आरोप झाला असता त्याची चौकशी करणारे, राज्यकर्त्यांच्या मर्जीवर न चालणारे कायमचे न्यायासन या देशात असावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दिल्लीतील त्या जुन्या वादाशी तुमसरचा संबंध काय, असे कोणी विचारील. चिंतामणरावांची सनदी नोकरीतील उमेदीची वर्षे गेली ती भंडारा जिल्हा ज्यात मोडत होता त्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कारभारात. ज्या राज्यपुनर्रचनेच्या वादात त्यांनी मंत्रिपद सोडले, तिच्याच योगे १ नोव्हेंबर १९५६ रोजी तुमसर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. पण हा इतिहासाचा धागा झाला. खरा संबंध आजचा आहे. भाताच्या आणि मँगनीजच्या या तालुक्यात धानाच्या मापात खोट झाली, सातबाऱ्यावरील नोंदीसाठी कोणी हात पुढे केला, नदीतील वाळू परवान्यावाचून उचलली गेली, तर सामान्य माणसाने जावयाचे कोणाकडे? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच वरिष्ठाकडे. चिंतामणरावांना नेमके हेच खटकले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे तलाठी नव्हता, मंत्री होते, इतकाच फरक.

१८९६ साली महाडजवळील नाते येथे जन्मलेला हा विद्यार्थी केंब्रिजला जाऊन आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला आला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला आणि १९५० साली देशाचा अर्थमंत्री झाला. आकड्यांत आयुष्य घालविणाऱ्या या गृहस्थांनी मेघदूताचा मराठी अनुवादही केला. पण तो विषय निराळा. आम्हांस येथे एवढेच सांगावयाचे आहे की हा मनुष्य चळवळीतून आलेला नव्हता. सरकारी फाईल आतून कशी हलते आणि कोठे अडते, हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणूनच त्याच्या आरोपाला वजन होते.

राजीनाम्याच्या वेळचे त्यांचे निवेदन आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाला न विचारता केली, हा त्यांचा एक आक्षेप. दुसरा आक्षेप मुंबईतील गोळीबाराबद्दलचा. माणसे मेली असता सरकार न्यायालयीन चौकशीला नकार कसा देते, असा त्यांचा सवाल होता. महाराष्ट्राने पहिला आक्षेप उचलून धरला, कारण त्यात मुंबई होती. दुसऱ्यात केवळ 'चौकशी' हा रुक्ष शब्द होता, आणि चिंतामणरावांचे पुढील सारे सार्वजनिक जीवन त्याच शब्दाभोवती फिरले.

त्या शब्दाची ताकद देशाने लवकरच पाहिली. खासगी विमा कंपन्यांत लोकांच्या ठेवींचा गैरवापर होतो म्हणून चिंतामणरावांनीच जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय जाहीर केला होता. पुढच्याच वर्षी त्यातून निघालेल्या महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. फिरोज गांधींनी हे प्रकरण लोकसभेत उघडे केले. न्या. छागला यांनी मुंबईत भर लोकांसमक्ष साक्षी घेतल्या, महिनाभराच्या आत अहवाल दिला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये चिंतामणरावांच्या जागी आलेले अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. ज्या संस्थेचे बीज आपण लोकांच्या पैशाच्या रक्षणासाठी पेरले तिलाच दोन वर्षांत कीड लागलेली पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु ती चौकशी झाली ती सरकारने मान्य केली म्हणून. सरकारने मान्य केली नसती तर?

जुलै १९५९ मध्ये मद्रास येथील भाषणात त्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. असे कायमचे न्यायासन नेमा. नेमल्यास आपण स्वतः अर्धा डझन प्रकरणे त्याच्यापुढे मांडून प्रारंभ करू, असे त्यांनी सांगितले. तेव्हा ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते, म्हणजे सरकारी वर्तुळाच्या बाहेरही नव्हते. पंडित नेहरूंना ही कल्पना मानवली नाही. विशिष्ट आरोपांवाचून न्यायासन कशाला, त्याने संशयाचे आणि चिखलफेकीचे वातावरण मात्र माजेल, अशी त्यांची भूमिका होती.

पंडितजींची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. खोट्या अर्जांनी भल्या माणसांची अब्रू कशी जाते, हे तालुक्याच्या गावी राहणारा प्रत्येक जण जाणतो. पण 'आधी नावे सांगा, मग बघू' हे उत्तर विहिरीत उतरल्यावर दोर देऊ म्हणण्यासारखे आहे. नाव घेणाऱ्याला संरक्षण नाही आणि पुरावा ज्या कपाटात आहे त्याची किल्ली आरोपीच्या हाती, अशा स्थितीत नावे सांगणार कोण? माजी अर्थमंत्री जेथे न्यायासनावाचून बोलावयास तयार नव्हता, तेथे धानाचे पोते घेऊन आलेल्याची काय कथा!

पुढे जे घडले ते हप्त्याहप्त्याने. संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग आला. त्याच्या कक्षेत मंत्री नव्हते. लोकपालाचे पहिले विधेयक १९६८ चे. महाराष्ट्राने १९७२ साली लोकायुक्त नेमला आणि त्यात तो इतर राज्यांच्या पुढे राहिला, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्या कायद्याने लोकायुक्ताच्या हाती शिफारशीपलीकडे फारसे दिले नाही. मध्यंतरी १९६९ साली चिंतामणराव राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि तिसरे आले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी ते वारले, तेव्हा त्यांची ती अर्धा डझन प्रकरणे ऐकणारे न्यायासन अस्तित्वात नव्हते. लोकपालाचा कायदा २०१३ चा आणि पहिला लोकपाल मार्च २०१९ मधला. मद्रासच्या भाषणाला तोवर साठ वर्षे होत आली होती. त्यानंतरही मे २०२२ ते मार्च २०२४ ही संस्था पूर्णवेळ अध्यक्षावाचून चालली. शिवाय २०१८ साली भ्रष्टाचारविरोधी कायद्यात नवे कलम आले. अधिकाऱ्याने अधिकारात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करावयाची तर आधी सरकारची अनुमती हवी. चिंतामणरावांना जे दार सरकारच्या हाती नको होते, त्याला ही नवी कडी!

युक्रेनची हकीकत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. २०१५ साली त्या देशाने भ्रष्टाचाराच्या तपासासाठी स्वतंत्र संस्था उभारली आणि २०१९ साली स्वतंत्र न्यायालयही. जुलै २०२५ मध्ये, रशियाशी युद्ध चालू असताना, तेथील संसदेने त्या संस्थेचे स्वातंत्र्य काढून तिला सरकारी महाभियोक्त्याच्या मुठीत दिले. तेव्हा बाँबच्या छायेतही लोक, त्यांतही तरुण, हातांत पुठ्ठ्याचे फलक घेऊन रस्त्यावर उतरले, आणि नऊ दिवसांत संसदेला तो निर्णय फिरवावा लागला. आपल्याकडे दोन वर्षे लोकपालाची खुर्ची रिकामी होती. एक तरी मोर्चा निघाल्याचे कोणाला आठवते काय?

आमची मागणी दिल्लीपासून नव्हे, तालुक्यापासून आहे. तुमसरला दिलेल्या तक्रारीची तारखेसह पोच मिळावी, ज्या खात्याविरुद्ध ती आहे त्या खात्याबाहेरच्या अधिकाऱ्याने ती तपासावी आणि निकाल अर्जदाराला ठरल्या मुदतीत लेखी कळवावा. माहितीच्या अधिकाराने २००५ पासून अर्ज कोठे पडला आहे ते विचारता येते; तो हलविता येत नाही. हे होत नाही तोवर अर्जावर 'पुढील कार्यवाहीसाठी' असा शेरा पडत राहील, आणि ज्या टेबलाविरुद्ध तो लिहिला त्याच टेबलावर तो दोन आठवड्यांनी परत येईल.