मोतीबिंदू समजून थांबू नका!

आजी तांदूळ निवडायला बसते, पण हल्ली खडे तसेच राहतात. समोरच्याचे कपडे दिसतात, चेहरा मात्र पुसल्यासारखा. घरचे म्हणतात, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." ही वाट पाहणेच कधी कधी डोळ्यावर बेतते.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध पीतबिंदू नावाचा लहानसा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणूस ओळखणे ही कामे त्याच्यावर चालतात. पन्नाशीनंतर काहींच्या पीतबिंदूची झीज होते. कोरड्या प्रकारात ती वर्षानुवर्षे हळूहळू चालते. ओल्या प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून पाणी व रक्त झिरपते आणि काही आठवड्यांतही मधली नजर जाऊ शकते. बाजूचे दिसत राहते, म्हणून आजी घरात हिंडते-फिरते आणि आजार लपून राहतो.

परीक्षा घरीच करता येते. गणिताच्या चौकटीच्या वहीत मधोमध ठिपका काढा. जवळचा चष्मा लावून, एक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायला सांगा. मग दुसरा डोळा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधे काळा डाग आला, तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठा. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी रूढ केलेली ही चाचणी जगभर वापरतात.

डॉक्टर थेंब घालून पडदा तपासतात, ओसीटी यंत्राने त्याचे थर पाहतात. ओल्या प्रकारावर डोळा बधिर करून आत इंजेक्शन देतात. सुरुवातीला बहुधा महिन्याला एक, पुढे गरजेप्रमाणे. मूळ कर्करोगावरचे बेव्हासिझुमॅब हे स्वस्त औषधही महागड्या औषधाइतकेच गुणकारी असल्याचे २०११ साली अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणून खर्चाला भिऊन घरी बसू नका. स्वस्त पर्याय आणि सरकारी योजना यांबद्दल विचारा. गेलेली नजर सगळी परत येत नाही, उरलेली बहुधा वाचते. मधेच इंजेक्शन सोडू नये.

कोरड्या प्रकारात मध्यम अवस्थेला ठरावीक जीवनसत्त्वांच्या गोळ्या झीज मंदावतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

आपल्या जंगलातला तेंदूपत्ता घरात चार पैसे आणतो, पण त्याच पानाची विडी हा धोका वाढवते. बाबांना ती सोडायला सांगा.

नागभीडहून नागपूरचे मेडिकल सुमारे शंभर किलोमीटर. छोटी रेल्वे २०१९ साली बंद झाली, आजीला एकटीने जाणे जमणार नाही. एक दिवसाची मजुरी बुडेल, पण मुलाने किंवा सुनेने सोबत जावे. नातवाचा चेहरा तिला दिसत राहणे त्या मजुरीहून मोठे आहे.