मोबाइलमध्ये आहे, मग पाठ कशाला?

रमजानचा चंद्र दिसला, की त्याच रात्रीपासून इशाच्या नमाजनंतर मशिदीत तरावीह सुरू होते. बहुतेक मशिदींत वीस रकात, काही ठिकाणी आठ. नमाज पढवणाऱ्याच्या हातात ग्रंथ नसतो, समोर कागद नसतो. तो हाफिज असतो. कुरआन शरीफचे तीसही पारे त्याला मुखोद्गत असतात. रोज एक-सव्वा पारा म्हणत बऱ्याच मशिदींत सत्ताविसाव्या रात्रीपर्यंत कुरआन पूर्ण होते.

हेच कुरआन आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. बोट लावले की आयत समोर येते, नामवंत कारींच्या आवाजात ऐकताही येते. मराठी अनुवादही मिळतो. ही सोय चांगलीच आहे. पण मग एखाद्या मुलाने दोन-तीन वर्षे खर्चून ते पाठ का करावे?

हे पाठांतर म्हणजे हिफ्ज. 114 सूरह, सहा हजारांहून अधिक आयती, सुमारे सहाशे पाने. तीही मातृभाषेत नव्हे, अरबीत. मूल पहाटे उठते, त्या दिवसाचा नवा धडा म्हणजे सबक उस्तादांना म्हणून दाखवते. मग मागचे काही दिवस पाठ केलेले, आणि त्यानंतर आमोख्ता म्हणजे जुन्या पाऱ्यांची उजळणी. हाफिज झाल्यावरही सुटका नाही. हदीसमध्ये याला बांधलेल्या उंटाची उपमा दिली आहे. लक्ष ठेवले तर तो राहतो, सोडला की निघून जातो. म्हणूनच अनेक हाफिज रमजानच्या कितीतरी आधीपासून उजळणीला लागतात.

तरावीहमध्ये इमामाच्या मागे आणखी एक हाफिज उभा असतो. इमाम अडला, तर तो मागून शब्द पुरवतो. याला लुकमा देणे म्हणतात. लुकमा म्हणजे घास. एकाने विसरावे, दुसऱ्याने घास भरवावा, आणि यात कुणाचा अपमान नाही. यंत्र चूक दाखवील. पण असा घास भरवण्यासाठी त्या माणसानेही तेवढीच वर्षे घालवलेली असावी लागतात.

आणखी एका हदीसमध्ये सांगितले आहे, की जो अडखळत, कष्टाने कुरआन पढतो, त्याला दुप्पट सवाब म्हणजे पुण्य आहे. अस्खलित पढणाऱ्याचा मान मोठाच. पण अडखळणाऱ्याचे कष्टही मोजले जातात. सोपे करण्याच्या नादात आपण नेमके हेच विसरतो.

दोष एकट्या मोबाइलचा नाही. शहरांत आता दहा दिवसांत, कुठे त्याहूनही कमी दिवसांत कुरआन पूर्ण करणारी तरावीह होते. व्यापाऱ्यांची, प्रवाशांची अडचण खरी आहे. मात्र पठण इतके वेगाने व्हावे की शब्दही कळू नयेत, आणि कुरआन पूर्ण झाले म्हणून उरलेल्या रात्री मशिदीकडे फिरकूच नये, हा आपणच शोधलेला शॉर्टकट आहे. उलेमा दरवर्षी सांगतात, की तरावीह महिनाभराची आहे.

ही गोष्ट मुसलमानांपुरती नाही. वेदपाठशाळेत वर्षानुवर्षे घनपाठ करणारा विद्यार्थी, वारकऱ्यांच्या घरात हरिपाठ पाठ करणारे पोर, पावकी-निमकी तोंडपाठ असलेले आपले आजोबा, सगळे याच वाटेचे. छापील पुस्तक आल्यावरही त्यांनी पाठांतर सोडले नाही. मोबाइलमधले मोबाइलसोबत जाते. पाठ केलेले प्रवासात, आजारपणात, काळोखातही सोबत राहते. त्याचा अर्थ समजून घेण्याची मेहनत वेगळी. तीही करायलाच हवी.

प्रत्येकाला हाफिज होता येणार नाही. पण या महिन्यात एक छोटी सूरह अर्थासह, एखादा अभंग, मुलासोबत एक पाढा, एवढे तर जमेल. रोजा आपल्याला शिकवतो तो हाच सबर: समोर पाणी असते, हातही पोहोचतो, तरी आपण मगरिबच्या अजानपर्यंत थांबतो. हातातला मोबाइलही तसाच थोडा वेळ बाजूला ठेवून पाहू या.