नियम बरोबर, क्रम चुकला!

भिवंडीची पेढी आणि सुरतची शाखा यांच्यातील माहितीची ने-आण वेगाने व्हावी म्हणून आम्ही दोन्हीकडे वेगवर्धक यंत्रे बसवली. डिझाइनच्या मोठ्या फाइली पाठवताना फार वेळ जाई. हे यंत्र एकदा गेलेला मजकूर साठवून ठेवते आणि पुढच्या खेपेला फक्त बदललेला भाग पाठवते. फायदा लगेच दिसला.

पण दुसऱ्याच दिवशी सुरतहून फोन आला, "शेठ, बिले निघत नाहीत. हिशेबाचा संगणक आत घेत नाही!" माल गाडीत भरलेला, ग्राहक खोळंबलेला. बिलाशिवाय गाडी हलणार कशी?

कारण साधे होते. भिवंडीतील हिशेबाचा संगणक यादीत नोंदलेल्या पत्त्यांनाच आत घेतो. मध्ये यंत्र आल्यामुळे त्याला सुरतच्या संगणकाऐवजी यंत्राचाच पत्ता दिसू लागला. पाहुणा अनोळखी, म्हणून दार बंद!

उपायही यंत्रातच होता. 'हिशेबाच्या संगणकाकडे जाणारी जोडणी हात न लावता जशीच्या तशी जाऊ द्यावी' असा नियम तंत्रज्ञाने भिवंडीच्या यंत्रात लिहिला. फरक पडला नाही. कारण जोडणी सुरू होते सुरतहून; जिथून ती सुरू होते, तिथलेच यंत्र नियम पाहते. मग तो सुरतच्या यंत्रात लिहिला, पण सर्वांत शेवटी. तरीही बिले अडलेलीच.

गोदामाचा रखवालदार यादी वरून खाली वाचतो, तसेच हे यंत्र. जो नियम आधी जुळेल तोच अमलात येतो, पुढचे वाचलेच जात नाहीत. 'सर्व जोडण्या वेगवान करा' हा नियम वर बसला होता, त्याने आमचा खास नियम गिळला. तो वर नेला आणि बिले निघू लागली. तोवर अर्धा दिवस गेला होता.

व्यापारी बंधूंनी आमच्या तजुर्ब्यातून एवढे ध्यानात ठेवावे. खास नियम वर, सरसकट नियम सर्वांत खाली. बँकेच्या कुलूपबंद व्यवहारांना या यंत्राचा सहसा लाभ नाही, ते सरळ जाऊ द्यावेत. नवा नियम आधीपासून चालू असलेल्या जोडणीला लागत नाही. ती बंद करून पुन्हा उघडावी. आणि यंत्र लावण्याआधी कोणता संगणक पत्ता पाहून आत घेतो, याची यादी स्वतः करून तंत्रज्ञाच्या हाती द्यावी. आपला धंदा आपल्याइतका त्याला ठाऊक नसतो.