सरासरीत न सापडणारा पाऊस

गोंदिया जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला सरासरीचा मोह असतोच. दरडोई उत्पन्न काय किंवा पर्जन्यमान काय, सारा जिल्हा एका आकड्यात बसविण्याची ती सोय आहे. परंतु नागझिऱ्याच्या डोंगरांवर कोसळणारा पाऊस या सोयीला जुमानत नाही. एका गावच्या बांध्यांतील धान वाहून जावे आणि दोन कोसांवरच्या गावात धूळही पुरती बसू नये, असे मृगाच्या वा हस्ताच्या वादळी पावसात घडते.

याचे कारण ढगांच्या रचनेत आहे. बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा व छत्तीसगड ओलांडून विदर्भाकडे येतात. त्यांचा विस्तार शेकडो किलोमीटरांचा असला तरी पाऊस सर्वत्र सारखा नसतो. केंद्राच्या नैर्ऋत्येस तो बहुधा अधिक जोरदार असतो. तेथेही दमट हवा वर चढून थंडावते, बाष्पाचे पाणी होते आणि त्या वेळी सुटणारी उष्णता हवेला आणखी वर ढकलते. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच, पण रुंदीला बहुधा पाच-दहा किलोमीटरच असतो. एकटा ढग तासाभरात रिता होतो. अनर्थ ओढवतो तो त्याच जागी ढगामागून ढग रिते होऊ लागले म्हणजे! पावसाबरोबर खाली आलेली गार हवा जमिनीवर पसरून भोवतालच्या दमट हवेला उचलते व नवा ढग उभा करते. वीस चौरस किलोमीटरांवर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते पाणी २०० कोटी लिटर भरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७४ च्या आसपास.

जंगलातील पालापाचोळ्याची जमीन पहिला पाऊस पिऊन घेते. श्रावणात मात्र ती तुडुंब झालेली असते आणि नाले घटकेत फुगतात. या प्रदेशात कोहळी समाजाने बांधलेले तलाव अशा पाण्याला थोपवीत. एकाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात जाई व पुराला उसंत मिळे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव राहिले आणि गाळ वाढत गेला. शहरांनी तर पाण्याची वाटच अडविली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभराहून अधिक मिलिमीटर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि वस्त्या पाण्यात गेल्या.

आता प्रश्न नुकसानभरपाईचा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, की शासनाच्या लेखी ती अतिवृष्टी. मंडळात गावे अनेक. ढग मात्र पाच-दहा किलोमीटरांचा. पर्जन्यमापक त्याच्या वाटेत नसला तर शेत बुडते आणि कागद कोरडा राहतो. मग धानउत्पादकाने पाऊस पडल्याचे सिद्ध कसे करावे? प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक हवा. शाळेच्या आवारात बसविल्यास मुलेही त्याची नोंद ठेवतील. मात्र सकाळी साडेआठला एकदा वाचलेला आकडा पुरेसा नाही. ६५ मिलिमीटर दिवसभर झिमझिमत पडले की पाऊण तासात कोसळले, हे त्यातून कळत नाही. नोंद तासागणिक हवी.